डॅडी म्हणाले तेवढंच

बेकर्स रन गावात कुणाला इंजिनचं हेड, म्हणजे वरचं जड झाकण, घासून घ्यायचं असलं, की तो मुकाट्यानं ऑरिन हेल्डमनच्या मशीन-शॉपमध्ये यायचा. दोन्ही हातांनी ते ओझं उचलून काउंटरवर ठेवायचं आणि म्हातारा त्यावरून अंगठा फिरवीपर्यंत गप्प उभं राहायचं, अशी रीतच पडली होती. म्हातारा डोळे मिटून घ्यायचा. अंगठा या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश जायचा, मधेच थबकायचा, पुन्हा चालू लागायचा. मग किती घासायचं त्याचा म्हातारा एकच आकडा सांगायचा. "बारा थाउ." नाहीतर "वीस." थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एवढंसं माप नुसत्या अंगठ्याला कळतं कसं, असं विचारायची कुणाची छाती नव्हती. उलट पाहुण्यारावळ्यांना लोक कौतुकानं सांगायचे, "आमच्या ऑरिनच्या अंगठ्यात देवानं मीटर बसवलंय!"

मीटर कसलं डोंबलाचं! आकडा यायचा तो पन्नास वर्षांच्या अनुभवातून. गाडी कुठली, कुठल्या सालची, आधी काय काय भोगलेली, एवढं गप्पांच्या ओघात काढून घेतलं की म्हाताऱ्याला अंदाज बांधता यायचा. आणि अंदाज चुकला तरी बिघडत नव्हतं, कारण मागच्या खोलीत त्याची मुलगी वेल्डा ते हेड नीट मोजायची आणि कापायला हवं तेवढंच कापायची. गिऱ्हाइकाला वाटायचं, ऑरिननं कापलं. आणि ऑरिन डोळे मिटायचा त्याचं खरं कारण असं, की ते उघडे असून नसल्यासारखेच होते. कडेकडेचं दिसायचं. दार दिसायचं, माणूस उभा आहे हे दिसायचं. पण जिकडे बघावं तिथेच नेमका एक मळकट डाग. मशीनच्या डायलवरचे आकडे तर त्याला आठ वर्षांत दिसले नव्हते.

हे गुपित दोघांनाच ठाऊक होतं, बापाला आणि लेकीला. आणि त्या दोघांनीही ते एकमेकांपाशी कधी बोलून दाखवलेलं नव्हतं. आता बोला!

वेल्डा त्रेचाळीस वर्षांची. हाडापेरानं मजबूत, बोलणं मोजकं, केस कायम रुमालात बांधलेले. हेड बिडाचं असतं आणि बीड कोरडंच कापावं लागतं, त्याचा काळा भुगा कितीही जपलं तरी अंगात शिरतोच. रविवारी चर्चला जायच्या आधी ती ब्रशनं नखं घासघास घासायची, तरी प्रार्थनेला हात जोडले की नखांच्या कडा काळ्याच. काम तिला लहानपणी ऑरिननंच शिकवलं होतं. हेड बसतं सिलिंडरांवर. त्याची खालची बाजू थोडी घासली की आतली जागा कमी होते, पेट्रोलची वाफ जास्त दाबली जाते, म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं, आणि म्हातारं झालेलं इंजिन पुन्हा लाथा झाडायला लागतं. ऐकायला सोपं. पण ऑरिन तिला सांगायचा, "पोरी, एकदा कापलं की एका कापावर भागत नाही. या इंजिनांना दोन हेडं, एकमेकांकडे कललेली, आणि मधे बसतो मॅनिफोल्ड, हवा-पेट्रोल आत नेणारा. हेडं जेवढी खाली येतील त्या हिशेबानं मॅनिफोल्डच्या कडाही घासायच्या. नाही घासल्या तर बोल्ट भोकात जातच नाही. आणि कटर मधे कधी थांबवायचं नाही, घराला आग लागली तरी. थांबलं की तिथे रेघ उठते, ती जन्मात जात नाही."

हे सगळं शिकून ती मोठी झाली आणि कोलंबस शहरात निघून गेली. तिथल्या कारखान्यात चांगली नोकरी होती, स्वतःची दोन खोल्यांची जागा होती, खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या होत्या. आई वारली तेव्हा ती एक सुटकेस घेऊन बेकर्स रनला आली, आठवड्यापुरती. त्याच आठवड्यात तिनं बापाला पाद्रीबाबांच्या गाडीचं हेड कापताना पाहिलं. दहा थाउ कापायचे होते. ऑरिन डायलवर नाक टेकवून बघत होता, आणि कापले गेले शंभर. हेड गेलं भंगारात. वेल्डानं भंगारवाल्याकडून तसंच दुसरं हेड आणलं आणि घासायला टेबलावर बांधलं. ऑरिन मागे येऊन उभा राहिला. म्हणाला, "माझे हात ग्रीसनं भरलेत बघ. एवढं एक तू कर."

एवढं एक! त्या एकाचे किती झाले ते देवालाच ठाऊक. कोलंबसच्या जागेतल्या कुंड्या शेजारणीनं नेल्या. सुटकेस पलंगाखाली गेली ती गेलीच.

हेड घासून झालं की त्याच्या टोकाशी पंच ठोकून दोन अक्षरं आणि एक आकडा उठवायचा, ही आमच्याकडच्या सगळ्याच शॉपांची पद्धत. अक्षरं कापणाऱ्याच्या नावाची, आकडा किती थाउ कापले त्याचा. म्हणजे पुढे दहा वर्षांनी कुणी ते हेड पुन्हा घासायला घेतलं तर त्याला कळतं, की बाबा रे, यातलं एवढं आधीच गेलंय. वेल्डा पंच ठोकायची, पण अक्षरं ओ आणि एच. ऑरिन हेल्डमन. आठ वर्षं तिनं बापाचं नाव लोखंडात ठोकलं. स्वतःचं एकदाही नाही. सुरुवातीला तिला त्याचं काही वाटत नव्हतं. मग वाटायला लागलं. मग असं व्हायला लागलं, की हातोडी उचलली की छातीवर कुणीतरी बसल्यासारखं व्हायचं आणि ती ठोकून होईपर्यंत श्वास नीट यायचा नाही.

वसंतात इंडियानाहून एक माणूस आला. हॉलिस ब्रँट त्याचं नाव, शर्यतींची इंजिनं बांधणारा, साठीचा, पोट सुटलेला. आमच्या मातीच्या ट्रॅकवर त्यानं गाड्या पळताना ऐकल्या आणि विचारत विचारत शॉपवर पोचला. ऑरिननं त्याला अंगठ्याचा खेळ करून दाखवला. ब्रँटनं मान डोलावली. पण ऑरिन त्याच्यासाठी कॉफी ओतायला लागला तेव्हा आधी बोटानं कपाची कड चाचपत होता, हे त्यानं पाहिलं. तो मागच्या खोलीत आला. वेल्डा मशीनपाशी होती.

"मिस हेल्डमन," तो हळूच म्हणाला, "ट्रॅकवरच्या त्या गाड्यांची हेडं तुम्ही कापलीत."

 आठ वर्षांत हे वाक्य तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिनं नुसतं दाराकडे पाहिलं.

"नका सांगू. मला उत्तर नकोच आहे," ब्रँट म्हणाला. "माझा हेडं घासणारा मिलिंगवाला हिवाळ्यात निवृत्त होतोय. तुमचा इथला मोसम संपेपर्यंत जागा राखून ठेवतो. तिथे तुमच्या मशीनवर तुमचंच नाव असेल."

ते कार्ड तिनं एप्रनच्या खिशात ठेवलं. एप्रन धुताना काढायचं, वाळला की परत ठेवायचं, असा अख्खा उन्हाळा गेला. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगू. रोज काउंटरवरून ऑरिनचा आवाज यायचा, "वेल्डाऽ, हे आत घेऊन जा!" आणि ती घेऊन जायची.

सप्टेंबरात एकदाचं धाडस केलं. रात्री जेवायला घेवड्याच्या बियांची उसळ आणि मक्याचा ब्रेड होता. तिनं ब्रँटचं सगळं सांगितलं आणि म्हणाली, "डॅडी, शेवटच्या शर्यतीच्या दिवशी तुम्ही सगळ्यांना सांगा, की आता थकलो, शॉप बंद करतो. कुणाला काही कळायची गरज नाही. तुम्ही माझ्याबरोबर चला. तिथे अंगण असलेलं घर बघू."

ऑरिननं ब्रेडचा तुकडा उसळीत फिरवला. 

"बघू," तो म्हणाला.

नाही म्हणाला असता तर ती भांडली असती. बघू म्हणणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं?

चारच दिवसांनी रड टॉलर आला. रड वेल्डाच्या वर्गातला, दगडाच्या खाणीत कामाला, मनानं साधा. वीस-बावीस वर्षांपूर्वीच्या जुन्या गाड्यांच्या गटात तो कितीतरी मोसम पळत होता आणि कधी जिंकला नव्हता. या मोसमात मात्र गुणांत पहिला होता, आणि शेवटची शर्यत तेवढी उरली होती. कुठूनतरी मिळालेली हेडं त्यानं आणली होती, वर निळ्या रंगाचे थरच्या थर, आणि सोबत कोराकरकरीत मॅनिफोल्ड.

"ऑरिन, नियमात बसेल तेवढं काढा," तो म्हणाला. "केसभरही जास्त नको. पहिल्या तीन गाड्या उघडून बघतात, माहितीय ना. कॉम्प्रेशन हद्दीबाहेर निघालं तर गेला माझा मोसम."

"मला सांगतोस?" ऑरिन खुशीत होता. अंगठा फिरवता फिरवता म्हणाला, "ऐकलंस का रे रड, आमच्या वेल्डाला इंडियानात नोकरी हवीय म्हणे. इंजिनाच्या कारखान्यात!"

"आँ? काय करणार तिथे?"

"काय करणार! इथला झाडू घेऊन जाईल."

दोघंही हसले. रडचं हसणं निरागस होतं, त्याला बिचाऱ्याला काय माहीत! पण ऑरिनला माहीत होतं, आणि तरी तो हसला. वेल्डा दारात उभी होती. कानशिलं तापली तिची.

"चाळीस," ऑरिननं निकाल दिला.

"डॅडी, मी एकदा मोजून..."

"चाळीस म्हणालो ना? या शॉपमध्ये हेड कोण कापतं?"

रड तिच्याकडे बघत होता. तिनं दोन्ही हेडं एकावर एक उचलली.

"तुम्ही," ती म्हणाली आणि आत गेली.

सोड्याच्या गरम टाकीत रंगाचे थर सुटले तेव्हा खाली पंचांचे जुने ठसे निघाले. कुणा भलत्याच शॉपची अक्षरं आणि आकडा तीस. दोन्ही हेडांवर. म्हणजे तीस थाउ कुणीतरी आधीच खाल्ले होते. रंग नसता तर ऑरिनच्या अंगठ्यालाही ते लागलं असतं. आता फार तर दहा काढायचे, संपलं. नेहमीसारखं तिनं दहा काढले असते, वर मात्र बापाचा आकडा, चाळीस, ठोकला असता, आणि ऑरिनचा अंगठा पुन्हा खरा ठरला असता.

ती सांगायला दारापर्यंत गेलीसुद्धा. बाहेर ऑरिन पोस्टमनला रंगवून सांगत होता, "रडची हेडं घेतलीत आज हातात. बघ तू, जिंकवतो की नाही त्याला!" वेल्डा तिथेच थांबली. आणि एवढ्या वर्षांची धुसफूस अशी काही वर आली, की ती तशीच मागे फिरली. ठीक आहे, ती मनाशी म्हणाली. डॅडी म्हणाले तेवढंच.

तिनं चाळीस कापले. थाउभरही इकडेतिकडे नाही, आरशासारखा साफ काप. मग मॅनिफोल्ड घेतला आणि त्याच्या कडा घासल्या. हात सवयीचे गुलाम, हेडं एकूण सत्तरनं खाली आली होती, तर त्यांनी मॅनिफोल्डही सत्तरच्याच हिशेबानं घासला. वाईट काम करतानासुद्धा तिला वाईट काम करता येत नव्हतं. शेवटी पंच ठोकले. ओ, एच, चाळीस.

शर्यत रविवारी दुपारी होती. सकाळी ती रडच्या गाडीपाशी गेली. सांगायचंच असं ठरवून गेली होती, हे खोटं नाही. पण रड तिला बघून हातातला सॉसेजचा पाव नाचवत ओरडला, "वेल्डा! अगं आयुष्यात असं इंजिन नव्हतं मिळालं मला! डॅडींना सांग, त्यांचा अंगठा सोन्यानं मढवतो!" त्याच्या बायकोनं वेल्डालाही एक पाव दिला, वर मिरचीची चटणी घालून. वेल्डानं तो धरला, आणि डॅडींचा अंगठा हे शब्द ऐकून तिचं तोंड मिटलं ते मिटलंच. पाव तसाच हातात घेऊन ती परतली.

रड असा जिंकला, की दुसरा आला त्याच्यात आणि रडमध्ये अर्धा ट्रॅक रिकामा. इंजिनचा आवाज कडक, कोरडा, दात आवळून बोलल्यासारखा. गर्दी उभी राहून ओरडत होती. ऑरिन पत्र्याच्या शेडखाली आपल्या घडीच्या खुर्चीत बसून पायानं ताल धरत होता. 

मग पहिल्या तीन गाड्या उघडल्या. शर्यतीचा तपासनीस अर्ल वीमर यानं रडचं हेड उलटं ठेवलं, काचेच्या नळीनं त्याच्या खळग्यात मापून तेल सोडलं. जेवढं कमी मावेल तेवढं कॉम्प्रेशन जास्त. खळगा लगेच भरला. अर्लनं मान हलवली, पुसून परत मोजलं, दुसरं हेड घेतलं. तेच.

"रड, बाद," तो म्हणाला. "थोडंथोडकं नाही रे, फार आहे. मोसमाचे गुणही गेले."

 रड हेल्मेट जमिनीवर आपटून शेडकडे वळला. "ऑरिन! केसभरही जास्त नको म्हणालो होतो मी! काय केलंत हे? काय वाईट केलं होतं मी तुमचं?"

सगळी गर्दी ऑरिनकडे वळली. म्हातारा उठला. कुणाचा हात न धरता टेबलापर्यंत आला आणि म्हणाला, "दे ते हेड." त्यानं टोकावरून अंगठा फिरवला. वेल्डानं त्या अंगठ्याचा खेळ आठ वर्षं पाहिला होता, पण या वेळी तो खरंच काहीतरी वाचत होता. स्वतःची अक्षरं, चाळीस. शेजारी परकी अक्षरं, तीस. तो थांबला.

"रड, मॅनिफोल्ड कोराच होता ना तुझा?"

"त्याचं काय आता?"

"बोल्ट कसे लागले?"

"लोण्यात गेल्यासारखे. पण त्याचा काय..."

ऑरिनचा चेहरा पडला. वेल्डाला कळलं, त्याला कळलंय. तीस लक्षात न येता कुणी चाळीसच कापले असते तर मॅनिफोल्डही चाळीसचाच घासला असता, आणि बोल्ट भोकात गेलेच नसते. ज्यानं हे घासलं त्यानं तीस वाचले होते. आता हा सगळ्यांसमोर तिचं नाव घेणार, हे तिला स्वच्छ दिसलं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला सुटल्यासारखं वाटलं. घेऊ दे नाव. थुंकू दे सगळ्यांना. मग इथे राहायचं काही कारणच उरणार नाही.

"चूक माझी आहे," ऑरिन म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मला दिसत नाही. आठ वर्षं झाली. या गावातलं एकेक हेड माझ्या पोरीनं कापलंय, मी नाही. ती मोजते म्हणाली होती, मी मोजू दिलं नाही. आकडा मी सांगितला. तिनं मी सांगितलं तेवढंच कापलं."

 अर्लनं नळी खाली ठेवली. रड एकदा ऑरिनकडे, एकदा वेल्डाकडे बघत राहिला आणि मग हेल्मेट न उचलताच निघून गेला.

घरी जाताना ट्रक वेल्डा चालवत होती. मक्याची शेतं संपली, धान्याची कोठारं मागे पडली.

"मॅनिफोल्ड सत्तरचा घासलास," शेवटी ऑरिन म्हणाला.

"हो."

"म्हणजे वाचले होतेस तीस."

"हो, डॅडी." तिचे डोळे भरून आले. "मला तुम्ही खोटे पडायला हवे होतात. एकदा तरी. रडचं मनातच आलं नाही माझ्या. मी... डॅडी, तुम्ही मला शिव्या द्या ना. ओरडा माझ्यावर!"

"रस्त्याकडे बघ," ऑरिन म्हणाला. "माझ्याच्यानं नाही बघवत." आणि जरा वेळानं, खिडकीकडे तोंड करून, "झाडूचं बोललो ते मी बोलायला नको होतं."

सोमवारी कुणी येणार नाही अशी तिची खात्री होती. पलंगाखालची सुटकेस तिनं ओढून बाहेर काढली होती, वरची धूळही पुसली होती. ब्रँटला दुपारी फोन करायचा होता. अकराच्या सुमाराला घंटी वाजली आणि दारात रड उभा. हातात हेडं, दुसरीच जोडी. त्यानं ती काउंटरवर ठेवली.

ऑरिनचा हात सवयीनं पुढे आला. अंगठा लोखंडाला टेकणार तेवढ्यात त्यानं तो मागे घेतला आणि मांडीखाली दडपला.

"वेल्डा," त्यानं हाक मारली, "बाहेर ये. रडला सांग किती."

आठ वर्षं ती या एका वाक्याची वाट बघत होती. ती बाहेर आली, एप्रनला हात पुसत.

"पुढच्या मोसमासाठी," रड खाली बघत म्हणाला. "काल मी फार बोललो. पण आता मला तुझ्याच हातची हवीत, वेल्डा. सगळे तेच म्हणतायत. अर्लसुद्धा त्याच्या पिकअपचं इंजिन आणतोय. आम्ही काय आंधळेच होतो म्हणायचे, एवढी वर्षं तू आत आणि आम्ही..."

"रड, थांब," वेल्डा म्हणाली. "मला तुला काहीतरी सांगायचंय. ती हेडं मी..."

"किती म्हणालीस?" ऑरिननं मधेच विचारलं. तो तिच्याकडे बघत होता, म्हणजे ती जिथे उभी होती तिकडे. "आकडा सांग, पोरी. माणूस खोळंबलाय."

 खरं बोलावं, तर या म्हाताऱ्यानं अख्ख्या गावादेखत जे अंगावर घेतलं ते मातीत जाणार, आणि डोळ्यांबरोबर त्याचा शब्दही गेला असं लोक म्हणणार. न बोलावं, तर समोर उभ्या असलेल्या या भल्या माणसाचा गेलेला मोसम तिला एकेक हेड घासून फेडत बसावं लागणार, आणि तो मात्र तिचे आभार मानत राहणार. तिनं बापाचं गुपित आठ वर्षं राखलं होतं. आता बाप तिचं राखायला बसला होता, आणि तो ते मरेपर्यंत राखणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. किती प्रेमानं अडकवलं होतं त्यानं, आणि बहुधा त्याच्या ते लक्षातही आलं नव्हतं!

तिनं हेडं मोजली. जुने ठसे आहेत का ते पाहिलं, दोनदा पाहिलं.

"अठरा," ती म्हणाली.

"अठरा!" ऑरिन रडकडे वळून म्हणाला, आणि त्याच्या आवाजात असा काही अभिमान होता, की तिला आत पळून जावंसं वाटलं. ती आत गेली. पंचांच्या डब्यात ओ नेहमीच्या खाचेत नव्हता. तिथे व्ही काढून ठेवलेला होता, नवाकोरा, तेल पुसून. सकाळी लवकर उठून चाचपून चाचपून शोधला असणार त्यानं.

बुधवारी ब्रँटचाच फोन आला. रडचं पहिलं हेड टेबलावर बांधलेलं होतं, कटर निम्म्यात पोचलं होतं आणि काळा भुगा उडत होता. बाहेर फोन वाजला, ऑरिननं उचलला, जरा वेळ ऐकलं. मग रिसीव्हर छातीशी धरून तो दारात आला.

"वेल्डा," तो म्हणाला. "इंडियाना."  "मी धरतो फोन. तुला जायचं असलं तर... मी काही म्हणणार नाही, पोरी."

खरंच काही म्हणाला नसता तो. तेवढ्यात बाहेर अर्लचा पिकअप येऊन थांबला आणि मागच्या फळ्या उघडल्याचा आवाज आला. वेल्डानं कटरकडे पाहिलं. मधे थांबवलं असतं तर रडच्या हेडावर रेघ उठली असती.

"त्यांना सांगा," ती म्हणाली, "माझे हात भरलेत."

ऑरिन फोनकडे परतला. त्यानं तेवढंच सांगितलं, तिच्याच शब्दांत, आणि रिसीव्हर ठेवला. कटर टोकाला पोचायला अजून बराच वेळ होता. वेल्डा उभी राहून ते बघत राहिली.